‘फास्टिंग’ म्हणजे निर्जळी नव्हे

इथे अमेरिकेत वार्षिक तपासणी आली की रक्ताच्या चाचण्या आल्याच, आणि सोबत सूचना असते ‘फास्टिंग’ची. आपल्यापैकी बरेच जण, विशेषतः घरातली वडीलधारी मंडळी, तिचा अर्थ निर्जळी उपास असा घेतात. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याचा घोटसुद्धा नाही. मग रक्त काढताना घाम फुटतो, जांभया येतात, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी आल्यावर आपण म्हणतो, “एवढं रक्त काढलं, अशक्तपणा येणारच.”

पण जरा हिशेब करा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. तीन-चार नळ्या भरल्या, तरी जातं २० मिलीलिटरच्या आसपास, म्हणजे चहाचे चार चमचे. चक्कर त्याने येत नाही. सुईच्या भीतीने किंवा टोचण्याने काहींची नाडी एकदम मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. त्यात अंगात पाणी कमी असेल, तर हे आणखी सहज घडतं.

म्हणून नेहमीच्या फास्टिंग चाचणीआधी साधं पाणी जरूर प्या. चहा, दूध, सरबत मात्र नको. वेळ शक्यतो सकाळची घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल, तर उपाशीपोटी घ्यायचं की नाही, ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. पूर्वी चक्कर आली असेल, तर लॅबमध्ये बसण्याआधीच सांगा. ते आडवं झोपवून रक्त काढतात. यात लाजण्यासारखं काही नाही. धट्टीकट्टी तरुण मुलंही चक्कर येऊन पडतात.

डोकं हलकं वाटलं, तर उठू नका. आडवे व्हा, पाय उंच ठेवा. कुणी बेशुद्ध झालं, तर त्याला उभं करू नका, तोंडात पाणी ओतू नका, कांदा शोधत बसू नका. आडवं ठेवलं की बहुतेकांना मिनिटाभरात शुद्ध येते. तशी आली नाही, छातीत दुखलं किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर ९११ ला फोन करा.

आणि शेवटचं, पण सगळ्यांत महत्त्वाचं. लॅबमधून निघून लगेच गाडी चालवू नका. दहा-पंधरा मिनिटं बसा, डब्यातला लाडू खा, पाणी प्या. आई-बाबांना दारात सोडून कामावर जाऊ नका. तेवढा वेळ त्यांच्याजवळ थांबा.

काळजी घ्या.