पुराची रेघ

(लखनौमधील मराठी मंडळींच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय ‘नैसर्गिक आपत्ती आणि जनजागृती’. 2005 सालचा आपत्ती व्यवस्थापन कायदा, दिल्लीचं प्राधिकरण, मग राज्याचं, मग जिल्ह्याचं, ही सगळी उतरंड आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नोकरीत असताना पाहिली आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. मी सांगलीचा, नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात. तेव्हा आज बोलणार पुराबद्दल, आणि त्यातही मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल. मागच्या खेपेला पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ आपल्या भिंतीवर आहे की नाही?

काल संध्याकाळी यजमानांबरोबर हनुमान सेतूवर गेलो होतो. तिथल्या चहावाल्याला विचारलं, गोमतीची धोक्याची पातळी किती? त्याला ठाऊक नव्हती. यजमानांना विचारलं, त्यांनाही नव्हती. (हशा) हसू नका, आत्ता या सभागृहात विचारतो. कुणाला माहीत आहे? ... एक हात वर आलाय. ती आहे समुद्रसपाटीपासून 109.5 मीटर. 1971 च्या सप्टेंबरात पाणी 110.85 पर्यंत गेलं होतं. पण हा आकडा ऐकून कुणी उठून सामान माळ्यावर टाकेल का? 109.5 म्हणजे माझ्या दारात किती, घोट्याइतकं की गळ्याइतकं, हे त्या आकड्यातून कळत नाही.

बडा इमामबाडा 1784 च्या सुमारास दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून आसफउद्दौलानं बांधायला घेतला, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. दुष्काळाची आठवण या शहरानं एवढी मोठी उभी करून ठेवली आहे. आणि 1960 साली गोमती हजरतगंजापर्यंत शिरली, ते पाणी कुठल्या दुकानाच्या कितव्या पायरीला लागलं होतं? दोन दिवस मी शोधतोय. मला एकही खूण दिसली नाही.

(श्रोत्यांतून : ‘आता बांध घातलेत हो!’)

घातलेत, आणि त्यांचा उपयोग झालाय, ते मी नाकारत नाही. पण बांधाचा एक गुण लक्षात घ्या. तो नदीला बाहेर ठेवतो, तसा शहरात पडलेल्या पावसाला आत अडवतो. नदी चढली की नाल्यांची दारं बंद करावी लागतात आणि आतलं पाणी पंपानं उपसावं लागतं. शिवाय बांध दिसला की त्याच्या आडोशाला वस्ती वाढते, आणि दोन पिढ्यांनी तिथे पूर येत होता हेच कुणाला आठवत नाही. 31 जुलै 2024 ला तर नदीचा संबंध नसताना, नुसत्या पावसानं विधानभवनात पाणी शिरलं. आपण सगळ्यांनी ती दृश्यं पाहिली.

आता सांगलीचं सांगतो. आमच्याकडे 1929 सालचा आयर्विन पूल आहे. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, ‘आयर्विनला किती?’ चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. भाजीवालीला पाठ असतं. चाळीस व्हायच्या आतच सूर्यवंशी प्लॉटातली माणसं बोचकी बांधू लागतात, मग दत्तनगर, काकानगर. कुणी भोंगा वाजवावा लागत नाही.

आणि तरीही 2019 च्या महापुरात माणसं अडकलीच. 2005 ला पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत एक आजोबा होते, त्यांच्या जोत्याच्या तिसऱ्या पायरीवर त्या पुराची खूण होती. 2019 च्या ऑगस्टात आम्ही पोरं घेऊन त्यांना न्यायला गेलो. ते खुर्चीत बसून होते. म्हणाले, ‘पाच सालाला तिसऱ्या पायरीवर थांबलं. यंदा काय जास्त येणार आहे?’ सुनेनं विनवलं, नातवानं विनवलं. आजोबा हलेनात. रात्री पाणी ओसरीवर आलं. पहाटे आत आलं. शेवटी त्यांना गच्चीवरून बोटीत उतरवलं, तेव्हा ते एवढंच म्हणत होते की माझी म्हैस सोडा रे. आयर्विनवर त्या वेळी 57 फूट ओलांडले होते. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली.

(श्रोत्यांतून : ‘म्हणजे तुमच्या रेघेनंच माणसं अडकवली की!’)

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. आजोबांना रेघेनं फसवलं नाही. यापेक्षा वर पाणी येणारच नाही, ही समजूत कुणीतरी त्यांची मोडायला हवी होती, आणि ते काम आमचं, खात्यात वर्षं काढलेल्यांचं होतं. ती रेघ एवढंच सांगते की इथवर आलं होतं. पुढचं पाणी तिच्यावर जाऊ शकतं, हे तिच्याखाली लिहिलं पाहिजे. म्हणून 2019 ची रेघ 2005 च्या वर मारायची, तारखेसकट. 2021 ला पुन्हा महापूर आला तेव्हा पुष्कळ लोक आधीच निघाले होते. जनावरं, गाड्या, धान्य, सगळं वेळेत हललं. कारण दोन वर्षांपूर्वीचा ओलावा भिंतीत ताजा होता. जपानात त्सुनामीनंतर लोकांनी दगड उभे करून ठेवले, याच्या खाली घरं बांधू नका म्हणून. आनेयोशी गावानं ते ऐकलं आणि 2011 ची लाट गावाच्या खाली थांबली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. (हशा) वीज आणि भूकंप राहिलेच. विजेचं एवढंच सांगतो : उत्तर प्रदेशात तिनं दरवर्षी माणसं जातात, बहुतेक शेतात नाहीतर झाडाखाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप काढलंय, ते फोनमध्ये घ्या आणि गडगडाट ऐकू आला की झाड सोडून पक्क्या घरात जा. भूकंपाचं म्हणाल तर 25 एप्रिल 2015 ला नेपाळचा धक्का इथवर जाणवला होता. आणि 1993 ला किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती अंगावर पडून. त्यावर वेगळं व्याख्यान लागेल. पुढच्या वर्षी बोलावलंत तर येईन.

आता मागणी. गोमतीनगरात, डालीगंजात, निशातगंजात राहणारे इथे बरेच आहेत. पावसाळ्याला अजून अवकाश आहे. आपापल्या मोहल्ल्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे जा, पाणी कुठवर आलं होतं ते विचारा, दोघा-तिघांकडून पडताळून घ्या. मग सोसायटीच्या फाटकावर, शाळेच्या भिंतीवर, देवळाच्या जोत्यावर ऑइल पेंटनं निळी रेघ ओढा, शेजारी साल घाला आणि खाली हिंदी, उर्दूत लिहा की पाणी याच्याही वर येऊ शकतं. हनुमान सेतूवर 109.5 झालं की आपल्या फाटकाशी किती असेल, एवढं पाटबंधारे खात्याकडून काढून घ्या. त्यासाठी अर्ज लागेल, तो मी लिहून आणलाय. दारापाशी ठेवला आहे, जाताना सह्या करून जा.