रकाना रिकामा ठेवला

आंजीतल्या गटांच्या बैठकीत मी दर महिन्याला तुमच्यासोबत बसते, हिशेब बघते. पण एक गोष्ट नीट कधी सांगितली नव्हती. परवा लेकीच्या शाळेचा फॉर्म भरताना 'धर्म' हा रकाना मी रिकामा ठेवला. बातमी गटात पोचलीच. एका काकूंनी विचारलं, "मंग मेल्यावर तुले माती कोन देईन वो?"

माझं माहेर श्रीरामपूर तालुक्यातलं, कॅथलिक. बाप्तिस्मा, पहिला ख्रिस्तप्रसाद, संध्याकाळची जपमाळ, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा, यातच मी वाढले. तिथं कोणी मला छळलं, असं मुळीच नाही. सिस्टरांनी मला अक्षर शिकवलं. आमच्या आजोबांना गावात कुणी जवळ बसवत नव्हतं, चर्चच्या बाकावर बसवलं. ते मी विसरलेली नाही.

ईस्टरच्या आदल्या रात्री हातात पेटती मेणबत्ती धरून सगळे बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेतात. फादर विचारतात, विश्वास ठेवता का? लोक हो म्हणतात. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या तोंडून ते 'हो' निघेना. पुढच्या वर्षीही नाही. मेण बोटावर सांडलं, तेवढं आठवतं. खोटं बोलण्यापेक्षा मी जाणंच सोडलं. दुसरा धर्मही घेतला नाही. लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्यानं, नोंदणी करून केलं. सवलतीसाठी सोडला असेल, असंही कुणी म्हणालं. बाई, माझा एकही दाखला बदललेला नाही, येऊन बघा!

फॉर्म घेणारे म्हणाले, काहीतरी लिहावंच लागतं. तसं नाही. मुंबई उच्च न्यायालयात तिघांनी अर्ज केला होता. येशूवर श्रद्धा आहे पण ख्रिस्ती किंवा कोणताच धर्म आम्ही मानत नाही, राजपत्रात तशी नोंद करा, अशी त्यांची मागणी सरकारी छापखान्यानं नाकारली होती. २३ सप्टेंबर २०१४ला न्यायालयानं सांगितलं, की घटनेच्या कलम २५मधल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात 'मला धर्म नाही' म्हणण्याचा हक्कही येतो. धर्म सांगायला सरकार कुणावर सक्ती करू शकत नाही.

आणि हे काही परक्या मुलखातलं खूळ नाही. आंध्रातले निरीश्वरवादी गोरा सेवाग्रामला येऊन गांधीजींशी वाद घालत. त्यांच्या मुलीचं दलित तरुणाशी लग्न आश्रमात लावायचं ठरलं, तेव्हा विधीत ईश्वराऐवजी सत्याचं नाव घ्यायला गांधीजी राजी झाले. ते राहिले नाहीत, पण १९४८च्या मार्चमध्ये लग्न आश्रमातच लागलं.

आईला मात्र कोर्टाचा निकाल कसा वाचून दाखवणार? दोन वर्षं ती माझ्याशी धड बोलली नाही. मग म्हणाली, "तू नको म्हणू, तुझ्या वाटणीची माळ मी ओढते." आता यात्रेला तिला मीच घेऊन जाते. ती आत जाते, मी बाहेर तिची पिशवी सांभाळत बसते.

काकू, मातीचं म्हणाल तर सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला देह द्यायचं मी ठरवलं आहे. आईला ते अजून सांगितलेलं नाही.