पडद्यावरचे दुःख आणि आपला निवाडा
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एका जपानी ॲनिमे मालिकेचा एक भाग पाहून मोठी, जाणती माणसे ढसाढसा रडली, हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो का, अशी शंका कार्यक्रमपत्रिका वाचून काहींच्या मनात आली असेल. होऊ शकतो, असे मला मनापासून वाटते. आपण कुणासाठी रडतो आणि का रडतो, हा प्रश्न आपल्याकडे भरतमुनींपासून विचारला गेला आहे. त्याचे एक नवे उत्तर मला या मालिकेत सापडले.

मालिकेचे नाव 'पुएल्ला मागी मादोका माजिका'. जानेवारी २०११ मध्ये ती जपानी टीव्हीवर सुरू झाली. एकूण भाग १२. मी बोलणार आहे तो दहाव्याबद्दल. ज्यांनी ती पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आज रहस्य फुटणार आहे. त्याला इलाज नाही.

जपानमध्ये जादूगार मुलींच्या कथांची परंपरा मोठी आहे. १९६६ मधल्या 'सॅली' या मालिकेपासून पिढ्यान्‌पिढ्या मुली त्या पाहत आल्या. शाळकरी मुलीला जादूची शक्ती मिळते, ती दुष्टांशी लढते, शेवट गोड होतो. 'मादोका' या घराण्यातली आहे असेच सुरुवातीला वाटते. पात्रांची चित्रे आओकी उमे यांची. हलक्याफुलक्या, चौकटींच्या विनोदी चित्रकथांसाठी त्या प्रसिद्ध. गोल गाल, मोठे डोळे, गुलाबी केस. पटकथा मात्र उरोबुची गेन यांची, आणि त्यांचा हात काळोख्या कथांत मुरलेला. दिग्दर्शक शिन्बो आकियुकी यांनी शाफ्ट या स्टुडिओत हे दोन स्वभाव एकत्र बांधले.

क्यूबे नावाचा मांजरासारखा पांढरा प्राणी मुलींना भेटतो. सांगतो, तुमची कोणतीही एक इच्छा पूर्ण करतो, बदल्यात तुम्ही चेटकिणींशी लढा. तिसऱ्या भागात मामी नावाची, सगळ्यांना आधार देणारी मुलगी एका क्षणात मारली जाते. प्रेक्षक हादरले. पुढे कळते की करार करणाऱ्या मुलीचा आत्माच शरीरातून काढून एका रत्नात ठेवलेला असतो. निराशेने ते रत्न पुरते काळवंडले की तीच मुलगी चेटकीण होते. म्हणजे आज जिच्याशी लढायचे, तीही कधीतरी अशीच आशा धरून आलेली मुलगी होती.

या सगळ्यात एक मुलगी अशी की तिच्याबद्दल कुणालाच आपुलकी वाटत नाही. आकेमी होमुरा. वर्गात नवीन आलेली, लांब काळे केस, बर्फासारखा आवाज. पहिल्याच दिवशी ती मालिकेच्या नायिकेला, मादोकाला, शाळेच्या व्हरांड्यात गाठते. तुला तुझा जीव, तुझी घरची माणसे, मैत्रिणी प्रिय आहेत का, असे विचारते. असतील तर आहेस त्याहून वेगळी व्हायचा विचारही करू नकोस, असे बजावते. ऐकताना ती धमकी वाटते. पुढे ती क्यूबेवर हल्ला करते, मैत्रिणींत फूट पाडू पाहत असल्यासारखे वागते. नऊ आठवडे तिच्याविषयीचा संशय काही केल्या हटत नाही. मादोकाला संशय येतो, मामीला येतो, मादोकाची मैत्रीण सायाका हिलाही येतो, आणि आपण प्रेक्षक त्यांच्या बाजूला उभे असतो.

मग दहावा भाग येतो. पडद्यावर दोन वेण्या आणि चष्मा घातलेली एक भेदरलेली मुलगी. हृदयाच्या आजारामुळे बरेच दिवस रुग्णालयात काढून शाळेत आलेली. फळ्यावरचे गणित सोडवता येत नाही, मैदानावर धाप लागते. हीच होमुरा. तिला पहिल्यांदा जवळ करणारी मादोका. आधार देणारी, हसून बोलणारी, आणि तोवर जादूगार झालेली मादोका. एका भयंकर चेटकिणीशी लढताना ही मादोका मरते. होमुरा क्यूबेकडे एकच मागणे मागते: तिच्याशी माझी भेट पुन्हा होऊ दे, आणि या वेळी तिचे रक्षण मी करीन.

काळ मागे फिरतो. होमुरा पुन्हा रुग्णालयातल्या खाटेवर जागी होते. पुन्हा तोच महिना, पुन्हा तीच हार. एका फेरीत मादोका चेटकीण होते. दुसऱ्या फेरीत दोघी ढिगाऱ्यात पडलेल्या असतात, दोघींची रत्ने काळवंडत आलेली असतात, आणि मादोका जपून ठेवलेला शेवटचा उपाय स्वतःसाठी न वापरता होमुरासाठी वापरते. मागे जा, आणि क्यूबेच्या बोलण्याला फसणाऱ्या मला वाचव, असे मागते. मग आणखी एक मागणे: मी चेटकीण होण्याआधी मला संपव. होमुरा गोळी झाडते. त्यानंतर ती चष्मा उतरवते, वेण्या सोडते आणि ठरवते, आता कुणावरही विसंबायचे नाही. पहिल्या भागातली थंड, परकी होमुरा इथे जन्माला येते. होमुराला आवाज देणाऱ्या सैतो चिवा या अभिनेत्रीने या चोवीस मिनिटांत तोतरा, घाबरा स्वर टप्प्याटप्प्याने गोठवत नेला आहे. फेरी कितवी आहे हे डोळे मिटूनही कळते.

आणि शेवटी येते ते गाणे. 'कनेक्ट' हे मालिकेचे शीर्षकगीत प्रेक्षक नऊ आठवडे सुरुवातीला ऐकत होते, मादोकाचे गोड गाणे म्हणून. दहाव्या भागात ते अखेरीला वाजते. कुणाला तरी दिलेले वचन, काळालाही न जुमानता पुढे चालत राहण्याचा निर्धार, हे सारे त्या गाण्यात पहिल्यापासून होते. ते होमुराचे गाणे होते. आपण ऐकत होतो आणि आपल्याला ऐकू येत नव्हते.

प्रेक्षक रडले ते इथे. या रडण्यात करुणा आहेच. पण निव्वळ करुणेने त्याचा उलगडा होत नाही. मामी मेली तेव्हा लोक हादरले होते. तो धक्का होता, आणि धक्का ओसरतो. दहाव्या भागानंतर लोकांनी काय केले? ते पहिल्या भागाकडे परतले. व्हरांड्यातला तो प्रसंग पुन्हा पाहिला. तेच शब्द, तोच चेहरा. पण आता ती धमकी राहिली नव्हती. मैत्रिणीचे मरण वारंवार पाहिलेल्या मुलीची ती विनवणी होती. आपण जिला नऊ आठवडे चुकीचे जोखले, तिच्यासमोर आपण खजील झालो आहोत, ही जाणीव त्या अश्रूंत आहे.

हे आपल्याला नवे नाही. विदर्भाच्या भवभूतीने 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकात नाटकात नाटक रचले आहे. गंगेच्या काठी वाल्मीकींचे नाटक चालू आहे आणि प्रेक्षकांत स्वतः राम बसला आहे. रंगभूमीवर टाकून दिलेली, प्रसूतिवेदनांनी व्याकुळ झालेली सीता. राम व्याकुळ होतो, मध्येच बोलू लागतो, आणि हे नाटक आहे याची लक्ष्मणाला त्याला आठवण करून द्यावी लागते. शेवटी राम मूर्च्छित पडतो. आपले रसशास्त्र सांगते की कलेतले दुःख कुणा एकाचे राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. भवभूती मात्र असा प्रेक्षक उभा करतो, ज्याने स्वतः निवाडा दिला होता. त्याच्यासाठी ते नाटक सर्वसामान्य राहू शकत नाही. 'मादोका'च्या दहाव्या भागाने हजारो साध्या प्रेक्षकांना थोडा वेळ रामाच्या आसनावर बसवले, असे मी म्हणेन.

पुढे जे घडले ते लेखकाच्या हातातले नव्हते. ओसाकाच्या एमबीएस वाहिनीवर हा भाग १० मार्चच्या रात्री उशिरा, म्हणजे खरे तर ११ मार्च २०११ सुरू झाल्यावर, मध्यरात्रीनंतर दाखवला गेला. त्याच दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानला ९.० क्षमतेचा भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली. १८ हजारांहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. अकराव्या भागात आख्खे शहर वादळाच्या इशाऱ्याने रिकामे होते आणि मादोकाचे कुटुंब निवारा केंद्रात रात्र काढते. खरोखरीची लाखो माणसे निवारा केंद्रांत असताना ते दाखवणे कुणालाच योग्य वाटण्यासारखे नव्हते. उरलेले दोन भाग थांबवण्यात आले. २१ एप्रिलला 'योमिउरी शिम्बुन'मध्ये पानभर जाहिरात आली आणि त्या रात्री उशिरा दोन्ही भाग सलग दाखवले गेले. त्यांत मादोका अखेर आपली इच्छा मागते: भूतकाळातल्या आणि भविष्यातल्या सगळ्या जादूगार मुलींना चेटकीण होण्याआधी वाचवण्याची. त्यापायी तिचे अस्तित्वच पुसले जाते. तिला आठवणारी एक होमुरा उरते. पुढे जपानच्या मीडिया आर्ट्स महोत्सवात ॲनिमेशन विभागाचे सर्वोच्च पारितोषिक या मालिकेला मिळाले.

खऱ्या मृत्यूंच्या सावलीत काल्पनिक मुलींसाठी रडणे हलके ठरते का? मला तसे वाटत नाही. मात्र रडण्या-रडण्यात फरक करायला हवा. पात्र मारून अश्रू काढणे सोपे आहे, आणि काळोख्या कल्पनाकथांत तो मोह फार. माझी कसोटी साधी आहे. भाग संपल्यावर तुम्ही फक्त पुढच्या भागाची वाट पाहता, की मागे वळून आपलेच मत तपासता? मागे वळायला लावणारे रडणे माणसाला शहाणे करते.

श्रोतेहो, तुमच्या घरातही एखादा मुलगा, एखादी भाची मोबाइलवर असे काही पाहून डोळे पुसत असेल. 'कार्टून पाहून काय रडतेस?' असे तिला म्हणू नका. लक्ष्मणाने रामाला 'हे नाटक आहे' असे सांगून पाहिले होते. त्याचा उपयोग झाला नव्हता. त्यापेक्षा तिच्या शेजारी बसा आणि विचारा, कुणाबद्दलचे तुझे मत आज बदलले? तिला उत्तर देता आले, तर ती उद्या वर्गातल्या अबोल, तुसड्या वाटणाऱ्या मुलीकडे जरा थांबून पाहील. आपणही शेजाऱ्याला, सुनेला, सहकाऱ्याला पहिल्या भागातच जोखून मोकळे होतो. दिलेला निवाडा मागे घेण्याचे बळ शाळा-कॉलेजांत शिकवले जात नाही. ते एका गोष्टीतून मिळत असेल, तर ती गोष्ट कोणत्या देशातून आली आणि ती चित्रांची आहे की माणसांची, याला महत्त्व देण्याचे कारण नाही.