पहिल्या आठवड्यातले कागद



आज कायद्याची पदवी हाती घेणाऱ्या तुमच्यात खानापूर, निपाणी, बेळगाव, हल्याळ या भागांतून आलेले बरेच जण आहेत. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, पुस्तकातला कायदा इंग्रजी. या तिन्ही भाषांत वावरत तुम्ही इथवर आलात. म्हणून घटनेतल्या मोठ्या तत्त्वांवर बोलण्याचा मोह टाळून मी आज अपघाताच्या दाव्यांवर बोलणार आहे. कोर्टाच्या आवारात ‘क्लेमचं काम’ नवशिक्याकडे सोपवतात. एक ठरलेला अर्ज भरायचा, तारखा घ्यायच्या, विमा कंपनीशी तडजोड करायची, झाले. या कामाकडे असे पाहणे मला मुळीच मान्य नाही. घरातला कमावता माणूस गेला की त्या घराची पुढची वीस वर्षे या एका अर्जावर ठरतात.

१५ जानेवारी २०२१. संक्रांतीचा दुसरा दिवस. दावणगेरेहून मैत्रिणींचा एक गट टेम्पो ट्रॅव्हलरने गोव्याला निघाला होता. धारवाडजवळ इट्टीगट्टीपाशी, हुबळी-धारवाड बायपासवर, त्यांची गाडी आणि टिप्पर यांची धडक झाली. त्या दिवशी अकराजण गेले. पुणे-बंगळूर महामार्ग अलीकडे-पलीकडे रुंद झाला होता, तरी मधला हा बायपास दोनपदरीच राहिला होता, आणि टोल मात्र भरावा लागत होता. इथल्या माणसांना त्या रस्त्याविषयी वेगळे सांगायची गरज नाही.

या अपघाताच्या दहाच दिवस आधी, ५ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने ‘कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स’ या खटल्यात निकाल दिला होता. घर सांभाळणाऱ्या स्त्रीला पगार नसला तरी तिच्या कामाला मोल आहे, ते मोल काल्पनिक उत्पन्न म्हणून धरले पाहिजे, आणि कमावत्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातली वाढ धरतात तशी तिच्याही बाबतीत धरली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. न्यायमूर्ती रमणा यांनी आपल्या निकालपत्रात सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे घेतले आहेत : घरकामात स्त्रियांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषांची ९७. उद्या तुमच्यासमोर एखादा नवरा बसेल आणि म्हणेल, ‘ती काही करत नव्हती, घरीच असायची.’ त्याला तिथेच थांबवा. पहाटे उठून ती काय काय करायची, म्हाताऱ्या सासूचे कोण बघायचे, गाईची धार कोण काढायचे, हे विचारा आणि शपथपत्रात एकेक लिहा. ‘गृहिणी’ एवढा एक शब्द लिहून सोडलेला अर्ज हा अर्धा हरलेला अर्ज आहे.

आता थोडे गणित करू. काळजीपूर्वक ऐका, कारण गरिबाचे नुकसान इथेच होते. समजा, बत्तीस वर्षांचा एक गवंडी अपघातात गेला. मागे बायको, दोन मुले, आई. त्याची महिन्याची कमाई १५,००० रुपये होती. २०१७ च्या ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या माणसाच्या उत्पन्नात ४० टक्के वाढ धरायची. म्हणजे २१,०००, वर्षाचे २,५२,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १,८९,०००. ‘सरला वर्मा’ निकालातल्या तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये. अंत्यविधी वगैरेंची ठरीव रक्कम वेगळी. पण कमाईचा पुरावाच दिला नाही आणि अपघात दावे न्यायाधिकरणाने महिना १०,००० धरले, तर याच हिशेबाने २०,१६,००० होतात. दहा लाख आठ हजार रुपये बुडाले. ते कुणी चोरले नाहीत. ठेकेदाराची हजेरीवही कुणी मागितली नाही, ज्या घराचे काम चालू होते त्या मालकाला साक्षीला कुणी आणले नाही, बँकेचे पासबुक कुणी उघडून पाहिले नाही, एवढेच. कर्नाटकात लोकअदालतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाने वर्षवार काल्पनिक उत्पन्नाचा तक्ता केलेला आहे, आणि तो हाताशी असल्यामुळे पुरावा गोळा करण्याचा आळस वाढतो. तो तक्ता ज्याच्याकडे खरोखर काहीच कागद नाही त्याच्यासाठी आहे.

जखमींचेही तेच. डॉक्टर दाखला देतात, ‘डावा हात ४० टक्के अपंग’. २०१० च्या ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ निकालाने स्पष्ट केले की शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या वेगळ्या गोष्टी आहेत. हात गेलेला कारकून टेबलावर बसून काम करू शकेल. ड्रायव्हरची किंवा सुताराची मात्र सगळी कमाईच बंद होईल. हा फरक डॉक्टरच्या दाखल्यात लिहिलेला नसतो. तो साक्षीतून तुम्हालाच बाहेर काढायचा आहे.

आणि साक्षीच्याही आधी येतात ते पहिल्या आठवड्यातले कागद. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल, जखमेचा दाखला किंवा शवविच्छेदन अहवाल. हे सगळे आपल्या भागात कन्नडमध्ये तयार होते. कोल्हापूर-सांगलीकडून सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालेल्या कुटुंबाची गाडी धारवाडजवळ उलटली, तर बाप अतिदक्षता विभागात असताना मुलगा पोलीस ठाण्यात जातो आणि समोर आलेल्या कागदावर सही करतो. त्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही. ‘चालकाने अचानक उजवीकडे वळवल्याने’ एवढे एक वाक्य त्यात असले, तर दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तेच वाक्य मोठ्याने वाचतो आणि निम्मी रक्कम चालकाच्या निष्काळजीपणाच्या नावावर कापून मागतो. ब्रेकच्या खुणा रस्त्याच्या कुठल्या बाजूला होत्या, काच कुठे सांडली होती, ट्रकचा मागचा दिवा चालू होता का, हे पंचनाम्यात आले तर आले. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर काहीच उरत नाही.

त्या मुलाशेजारी बसून कन्नड कागद मराठीत वाचून दाखवू शकेल असा कायदा शिकलेला माणूस या पट्ट्यात तुमच्याशिवाय दुसरा कुणी नाही. त्याला हेही सांगा की दावा धारवाडलाच लावला पाहिजे असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही अर्ज करता येतो. कोल्हापूरच्या विधवेने तारखेमागून तारखेला इथवर येण्याची गरज नाही. फक्त मुदत सांभाळा. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा लागू झाली आहे. तिला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आहेत, पण तुमच्या अशिलाचे नशीब त्यांच्यावर टांगून ठेवू नका. धडक देऊन गाडी पळून गेली तरी हात रिकामे नाहीत : मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार अशी योजना आहे. पळून गेलेली गाडी सापडली नाही म्हणून कुठलीतरी विमा असलेली गाडी कागदावर ‘उभी’ करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तसे कराल तर एका खोट्या दाव्यामागून येणाऱ्या शंभर खऱ्यांवर संशय बसेल.

२२ जानेवारी २०२५ च्या पहाटे सावनूरचे भाजी आणि फळे विकणारे लोक मालाच्या ट्रकमधून कुमठ्याच्या बाजाराला निघाले होते. यल्लापूरच्या घाटात ट्रक दरीत गेला आणि दहाजणांचा जीव गेला. जखमींना हुबळीच्या किम्स रुग्णालयात आणले. अशा अपघातात कायद्याचा प्रश्न अवघड होतो. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक विम्याच्या कक्षेत येतो, हे १९९४ च्या दुरुस्तीने आले. पण तो केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. आता मला सांगा, ट्रकच्या केबिनमध्ये किती विक्रेते मावतात? जो कोबीच्या पोत्यांवर बसला तो हौसेने बसला नव्हता. त्याला त्या भाड्यात बाजार गाठायला दुसरे साधन नव्हते. २०२० मध्ये आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने पॉलिसीच्या अटींचा भंग झाल्यावरही विमा कंपनीने त्रयस्थाला आधी पैसे द्यावेत आणि मागाहून मालकाकडून वसूल करावेत, या तत्त्वाचा सविस्तर ऊहापोह केला. ते निकालपत्र मुळातून वाचा. पोत्यांवर बसलेल्या माणसासाठी कायदा अजून पुढे न्यायचा आहे, आणि ते काम तुमच्या पिढीच्या युक्तिवादातून होईल असे मला मनापासून वाटते.

हे युक्तिवाद जिथे करायचे ते उच्च न्यायालयाचे पीठ धारवाडला २००८ मध्ये आले आणि २०१३ मध्ये कायम झाले. त्याआधी अपिलासाठी बंगळूरला रात्रभर प्रवास करावा लागे. त्या पीठासाठी उत्तर कर्नाटकातल्या वकिलांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले. तुम्ही सहज त्या पायऱ्या चढाल तेव्हा त्यांची आठवण असू द्या.

वाहनाचा अपघात झाला तर निदान न्यायाधिकरण आहे. इमारत कोसळली तर? १९ मार्च २०१९ ला धारवाडच्या कुमारेश्वर नगरात बांधकाम चालू असलेली इमारत खाली आली, १९ माणसे गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये हुबळीच्या जुन्या कोर्ट चौकात उड्डाणपुलाच्या कामावरून लोखंडी सळई पडली आणि दुचाकीवरून जाणाऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याचा जीव गेला. अशा वेळी सरकार मदत जाहीर करते, वर्तमानपत्रात आकडा येतो, आणि लोकांना वाटते भरपाई मिळाली. जाहीर झालेली मदत ही हक्काची भरपाई नव्हे. त्यात ना मृताचे वय धरलेले असते, ना त्याची कमाई, ना मागे राहिलेल्यांची संख्या. हक्काची भरपाई हवी तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा करावा लागतो, तोही मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत. कोर्ट फीचे नाव ऐकूनच घरचे लोक मागे फिरतात. त्यांना सांगा की स्त्रीला, मग तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो आणि कोर्ट फीचाही भार तिच्यावर पडत नाही.

शेवटचा मुद्दा पैशांचा आहे, आणि तो बोलताना मी शब्द मऊ करणार नाही. क्लेमच्या रकमेतून टक्केवारी घेणे हे वकिली नव्हे. बार कौन्सिलच्या नियमांनी ते निषिद्ध आहे, आणि २०१७ च्या ‘बी. सुनीता’ निकालात, तोही अपघाताच्याच भरपाईतून निघालेला खटला होता, सर्वोच्च न्यायालयाने अशी फी बेकायदा ठरवली. तरीही दवाखान्याच्या दारात दलाल उभे असतात, कोऱ्या चेकवर सह्या घेतल्या जातात. एका माणसाच्या मरणाची किंमत ठरली आणि तिच्यात आपला वाटा आहे, असे वाटू लागले त्या दिवशी आपण कोर्टाच्या कुठल्या बाजूला उभे आहोत हे विचारावे. आपल्या कामाची ठरलेली फी घ्या, आधी सांगून घ्या, पावती देऊन घ्या. निवाड्याची रक्कम थेट वारसाच्या खात्यात गेली की नाही, अज्ञान मुलांची रक्कम मुदत ठेवीत गुंतवली की नाही, हे पाहिल्याशिवाय फाईल बंद करू नका. देशभरातल्या न्यायाधिकरणांत कोट्यवधी रुपये कुणी न्यायलाच न आल्यामुळे पडून आहेत. सर्वोच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली आणि २०२५ मध्ये रक्कम थेट खात्यात देण्याविषयी निर्देश काढावे लागले.

विधी सेवेच्या पॅनेलवर यायला काही वर्षांची वकिली लागते. पण पोलीस ठाण्यात जाऊन एखाद्या अनोळखी मराठी कुटुंबाला कन्नड पंचनामा वाचून दाखवायला कसलाही अनुभव लागत नाही. सनद मिळाल्याच्या पहिल्याच महिन्यात आपल्या तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या कार्यालयात जा. आपले नाव आणि फोन नंबर तिथे द्या आणि सांगा, मला दोन्ही भाषा वाचता येतात, रात्री-अपरात्री बोलवा.