ग्रुप आपला, राखणही आपलीच



गटाची वही आपण कुणाच्याही हातात देत नाही. मग गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप वाऱ्यावर कसा सोडायचा?

धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून फिरत होती. १ जुलै २०१८ ला तिथं भिक्षा मागायला आलेल्या भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावानं ठार मारलं.

म्हणून ॲडमिन ताईंनो, एवढं करा. मेसेजवर दुहेरी बाण दिसला, की तो बऱ्याच हातांतून फिरत आलाय असं समजा. खात्री झाल्याशिवाय पुढं पाठवू नका. अफवा आलीच, तर मेसेजवर बोट दाबून धरा आणि ‘डिलीट’ करा. ॲडमिनला तो सगळ्यांसाठी काढता येतो. गोंधळ वाढला, तर सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन’ करा. निवळलं की पुन्हा खुलं करा.

पण कुणी हिशोब विचारला, तर तो मेसेज पुसायचा नाही. उत्तर द्यायचं! ॲडमिन राखण करायला असते, तोंड बंद करायला नाही.

काय पुसायचं, काय ठेवायचं, हे बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा.