घडीची सायकल आणि घाटाची चढण

पडेगावच्या थांब्यावर मी एस. टी.तून उतरलो आणि हातातले बोचके उलगडून त्याची सायकल केली. शेजारचे एक म्हातारबाबा तिच्या चाकांकडे बघत म्हणाले, "गुरुजी, एवढ्याशा चाकांवर खुलदाबादचा घाट चढता व्हय?" प्रश्न रास्त होता. आज त्याचेच उत्तर देतो.

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच, तर खुलदाबाद सुमारे ८५० मीटर. पडेगावहून मिटमिटा, शरणापूर करीत दौलताबादेपर्यंत चढ फारसा अंगावर येत नाही. किल्ला मागे टाकून रस्ता घाटात शिरला, की मात्र मांड्या भरून येतात.

आता हिशेब पाहा. आपल्या काळ्या सायकलीचे चाक २८ इंची. पुढच्या चक्क्याला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ धरा. पायडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. घडीच्या सायकलीचे चाक २० इंची. दाते तेवढेच ठेवले, तर ती चार मीटरदेखील जात नाही. म्हणजे चाक लहान झाले की पायांवरचा भार हलका होतो. फेरे तेवढे वाढतात. माझ्या सायकलीला सात गिअर आहेत. पुढे ४६ दाते, मागे सर्वांत मोठ्या चक्रीला २८. त्या गिअरात एका फेऱ्याला अडीच मीटरांहून थोडे जास्त, बस्स! शिक्षक बंधुभगिनींनो, पटांगणात खडूने खूण करून मुलांकडून हे मोजवून घ्या. परिघाचे गणित फळ्यापेक्षा तिथे लवकर उमजते.

तेव्हा बाबांची शंका चाकापुरती फिटली. खरी अडचण निराळीच आहे. या सायकलीची हँडलाची दांडी लांब असते नि तिला घडीचा सांधा असतो. उभे राहून हँडल ओढीत चढू गेलात, तर ती लवते, जोर वाया जातो. म्हणून बसूनच चढा, अंग थोडे पुढे झुकवा. पिशवी मागे लादू नका, पुढे अडकवा. नाहीतर तीव्र चढाला पुढचे चाक हलके होऊन उचलू पाहते. निघण्यापूर्वी प्रत्येक सांध्याची कळ हाताने दाबून पाहायची, हे तर सांगायलाच नको. (तरी मी एकदा विसरलो होतो!) दुसऱ्या महायुद्धात इंग्रज छत्रीधारी सैनिकांसाठी बी. एस. ए. कारखान्याने घडीच्या सायकली केल्या होत्या. तिथेही सांध्याच्या पाकळ्या घट्ट आवळल्याशिवाय भागत नसे.

आणि उतार! पहिल्या खेपेस खुलदाबादहून परतताना मी दोन्ही ब्रेक सारखे आवळून धरले. घाटाच्या मध्यावर फट्‌ असा आवाज झाला, मागची ट्यूब फुटली आणि मी कठड्यापासून दोन हातांवर थांबलो. मागून ट्रक येत नव्हता, एवढेच नशीब. ब्रेकच्या घर्षणाने धाव तापते. लहान चाकाच्या धावेत धातू कमी, म्हणून ती लवकर तापते आणि आतली ट्यूब दगा देते. आता मी वेग वाढण्याआधीच ब्रेक लावतो, सोडतो, पुन्हा लावतो. खड्डा दिसला तर आधीच वेग मोडतो, कारण लहान चाक त्यात चटकन रुतते. घाटात दोनदा तरी कडेला उभा राहतो, धावेजवळ तळहात नेऊन ऊब पाहतो. हात लावीत नाही, पोळतो. ती निवेपर्यंत घोटभर पाणी पितो, समोरचा देवगिरी पाहतो, आणि मग पुढे निघतो.