घरच्या उद्योगास रोकड दाम



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही एका कबुलीनें आरंभ करितों. मागील सणाच्या भोजनासाठीं आम्हीं येथील एका कुटुंबाकडून उडदाचे पापड व कुरडया घेतल्या. तोंडभर स्तुति केली, पैसे मात्र दोन महिन्यांनीं दिले. ऐन उन्हाळ्यांत त्या गृहिणीची परात रिकामी राहिली. उडीद, गहूं, तेल यांचे दाम वाणी रोख मागतो, आणि वाळवणाचे दिवस पावसापूर्वींचे मोजकेच. तेवढ्यांत भांडवल अडकलें कीं वर्षाची मिळकत बुडाली.

१९५९ सालीं मुंबईंत गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच आजचा ‘लिज्जत’. त्यांनीं देणगी मागितली नाहीं; नफा-तोटा वांटून घेतला, आणि रोजचें काम मोजून मोबदला चुकता करण्याची रीत घालून दिली.

२०२० सालीं केंद्र सरकारनें सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीं योजना काढिली. तींत कर्जानें उभारलेल्या उद्योगास पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदान ठेविलें. परंतु अनुदानानें यंत्र येईल. गिऱ्हाईक येणार नाहीं.

देवगांव फाट्यावरील दुकानांत रंगीत वेष्टनाची पुडी आपण मुकाट्यानें रोख घेतों. घरच्या मालास मात्र घासाघीस करून वर ‘मागाहून देऊं’ म्हणतों. मजुराचें वेतन सूर्य मावळण्यापूर्वीं द्यावें, ही शास्त्राची आज्ञा आपणांस ठाऊक आहे. ती पापड लाटणाऱ्या हातांसही लागू आहे. हें दान नव्हे. हें देणें आहे. तें आजच फेडूं या.